जाण्याचा वेळ, येण्याचा वेळ

ताईंचं विमान निघालं तेव्हा आईंनी डोळे उघडले.

कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. तिकडून मास्तरांच्या फोनवर ‘बसले विमानात’ एवढेच दोन शब्द आले होते, आणि ते वाचायला मास्तर अजून चष्माच पुसत होते. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "निघाली."

दोन दिवस त्या आवाजानं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. बाळाला भरवत बसलेल्या धाकटीचा चमचा हवेतच राहिला. बाळानं वासलेलं तोंड मिटलं आणि आजीकडे मान वळवली.

"काय म्हणालीस, आई?" मास्तर पलंगाशी वाकले.

"निघाली ना? मग सांग की. तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?"

"हो, हो. निघाली. पाच तासांत इथे पोचेल बघ."

"पाच," आई म्हणाल्या. डोळे पुन्हा मिटले, पण ओठ थोडा वेळ हलत राहिले, चव घेतल्यासारखे.

काल सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. जिन्यात उभ्या उभ्या, बूट चढवता चढवता म्हणाले, एखाद-दुसरा दिवस निघेल, पुढचं सांगता येत नाही, घरच्यांना बोलावून घ्या. घरचे सगळे इथेच होते. थोरले मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरातही शिकवल्यासारखंच बोलायचे. धाकटा बॉबिन, धाकटीचा नवरा. लहानपणी मशीनात गरगरणाऱ्या दोऱ्याच्या रिळासारखा एका जागी ठरायचा नाही म्हणून आईंनीच ठेवलेलं नाव, आणि पुढे तळमजल्यावरच्या शिवणघरातली सगळी मशीनं तोच दुरुस्त करायला लागला, त्यामुळे ते अंगाला चिकटलं ते चिकटलंच. धाकटी होती, तिचं बाळ होतं. नव्हत्या त्या फक्त मधल्या ताई.

शिवणघर आईंनी उभं केलं होतं आणि तिथलं बेतायचं टेबल ताईंचं होतं. कापडाचे थर अंथरायचे, खडूनं आखायचं आणि एका दमात कात्री चालवायची. ताईंनी बेतलेल्या गणवेशाला दुसऱ्यांदा हात लावावा लागत नसे, असं जुन्या बायका अजून सांगत. मग एक दिवस ताई म्हणाल्या, मला जन्मभर गणवेश कापायचे नाहीत. आई म्हणाल्या, या घरात गणवेशच कापले जातात. भांडणाच्या बाकीच्या तपशिलांवर मास्तर आणि बॉबिन यांचं कधी एकमत झालं नाही. शेवटावर मात्र होतं. ताई स्वतःची कात्री तेवढी पिशवीत टाकून निघाल्या, तेव्हा आई दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. "गेलीस तर या दारातून पुन्हा आत यायचं नाही." आणि ताई म्हणाल्या होत्या, "तू स्वतःच्या तोंडानं ‘आत ये’ म्हणेपर्यंत येणारच नाही."

दोघी एकाच ताग्यातल्या. एकीनं म्हटलं नाही, दुसरी आली नाही. वर्षं निघून गेली.

बाकीचे मात्र दर वर्षी ताईंकडे जाऊन येत. आईंनी कधी अडवलं नाही. परत आल्यावर त्या ताईंचं नाव काढत नसत, बशीत चहा ओतता ओतता एवढंच विचारत, "जायला किती वेळ लागला?"

"पाच तास."

"हं." मग त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवत. धाकटी या घरात आली त्या पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, सासूबाईंना विमानाचं कौतुक आहे. दुसऱ्या वर्षी कळलं की त्या लेकीची खुशाली विचारत होत्या. त्यांना ती तेवढ्याच मापात विचारता येत होती.

काल बॉबिननं फोन केला तेव्हा ताई म्हणाल्या, "येते. पण दारापर्यंत. आई आत ये म्हणाली तर आत. नाहीतर दारातून बघेन आणि मिळेल त्या विमानानं परत जाईन."

"अगं ताई, ती कुणाशीच बोलत नाहीये आता."

"मग तू पलंग दारासमोर आणून ठेव. दिसेल तरी."

बॉबिननं खरंच पलंग बाहेरच्या खोलीत, दारासमोर आणून ठेवला. हलवताना रडत होता. धाकटीनं पलंगाचं दुसरं टोक धरलं होतं. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिच्या मनात त्या वेळी टेबल होतं. ताई गेल्यावर काही वर्षांनी ते टेबल तिच्याकडे आलं होतं. सुरुवातीला कात्री लावताना तिला वाटायचं, मागे कुणीतरी उभं राहून बघतंय. हळूहळू हात बसला. आता मापं द्यायला गिऱ्हाईक तिला नावानं विचारत येई. आई ‘आत ये’ म्हणाल्या तर ताई आत येतील, आणि आत आलेलं माणूस टेबलापर्यंत यायला कितीसा वेळ? हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

घरातली कामं पायाच्या चवड्यांवर चालली होती. शिवणघर बंद होतं. एरवी खालून दिवसभर मशीनांची घरघर जमिनीतून तळपायाला लागायची. आज जमीन गप्प होती, आणि त्या गप्पपणामुळे बाहेरचा वारा फार जवळ आल्यासारखा वाटत होता. दार उघडं ठेवलं होतं. समोर जिन्याची रिकामी चौकट, बाजूला लिफ्टची जाळी.

दुपारच्या सुमारास आई म्हणाल्या, "समुद्र लागला."

"कुठे, आई?" धाकटीनं विचारलं.

"खाली. काय निळा आहे गं. तू म्हणाली होतीस ना, खिडकीपाशी बस म्हणून."

धाकटी गेल्या खेपेला असं म्हणाली होती खरी, पण मास्तरांना, आणि तेही स्वयंपाकघरात. आई विमानात कधी बसल्या नव्हत्या. मुलांच्या येता-जाता बोलण्यातून त्यांनी सगळी वाट वेचून ठेवली होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. बोटांची पेरं पांढरी झाली. "डोंगर," त्या म्हणाल्या. "इथे हलतं. धरून बस."

बाळ धाकटीच्या मांडीवर झोपलं होतं ते दचकून उठलं. आणि धाकटीच्या डोक्यात एक गोष्ट उलटी फिरली. ती पलीकडच्या खोलीत गेली. बॉबिन कपाटाला टेकून बसला होता.

"अरे ऐक. आपण ताईंकडे जातो तेव्हा आधी काय लागतं?"

"कसलं आधी?"

"वाटेत. आधी समुद्र ना? डोंगर शेवटी."

"हो. उतरायच्या आधी गदागदा हलतं तेच."

"म्हणजे येताना आधी डोंगर लागायला हवेत. नंतर समुद्र."

"बरं मग?"

"आईंनी आधी समुद्र म्हटलं."

बॉबिन हसला. "तिला काय माहीत? ती कुठे गेलीय?" मग त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. दोघांनी दारातून पलंगाकडे पाहिलं. आईंचा श्वास सावकाश, एका लयीत चालला होता, लांबच्या प्रवासात माणसाचा चालतो तसा.

"आई वाट बघत नाहीयेत," धाकटी हळूच म्हणाली. "निघाल्यायत."

"काहीतरीच बोलू नकोस," तो म्हणाला, पण उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

पाच तास भरत आले तसे मास्तर घड्याळ बघून येरझाऱ्या घालू लागले. विमानतळावरून घरी यायला लागणारा वेळही त्यांनी धरला नव्हता, हे बॉबिनच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं फोन काढला, खुडबुड केली आणि भावाला दंडाला धरून गॅलरीत नेलं. दार ओढून घेतलं तरी आवाज आत येतच होता.

"ते विमान अजून हवेत आहे, दादा! दीड तास आहे अजून उतरायला."

"शक्य नाही. अंतर तेच, विमान तेच. पाच तास."

"वारा! जाताना पाठीवर असतो, येताना तोंडावर! तुझ्याच पुस्तकात असेल ना! पोरांना काय शिकवतोस वर्षभर?"

"अरे, पण आपल्याला नेहमी पाचच तास..."

"नेहमी आपण गेलोय. ती कधी आलीय? येताना आपल्याला जास्त लागायचा की रे, पण घरी परतताना कोण मोजतं? आईनं विचारलं का कधी, यायला किती लागला म्हणून? कुणी मोजलाच नाही तो वेळ. आणि तू तिला पाच सांगून बसलास. पाच! ती पाचावर श्वास धरून पडलीय!"



धाकटी पलंगाशी उभी होती. तिची पाठ दाराकडे, आणि बाळ खांद्यावर, दाराकडे तोंड करून, तिच्या ओढणीचं टोक चघळत. आईंनी डोळे उघडले. नजर स्वच्छ होती, ताप उतरलेल्या माणसाची असते तशी. त्या धाकटीकडे नव्हे, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

"आलीस?"

आई, मी आहे, असं म्हणायला धाकटीनं तोंड उघडलं. पण बाळानं चघळणं थांबवलं होतं. ते खांद्यावरून पुढे झुकलं, दोन्ही हात लांब करून. अनोळखी माणसाकडे ते कधी जात नसे. शेजारच्या आजोबांनी नुसतं ‘ये’ म्हटलं तरी ओठ काढायचं. आता ते हुंकारत होतं, घ्या मला म्हणत होतं. धाकटीच्या मानेवर गार हवा आली. वाऱ्यासारखी नव्हे. खूप वेळ बंद राहिलेल्या जागेतली, शिळी, कोरडी हवा.

"दारात काय उभी?" आई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "आत ये. ये गं चिंधे, आत ये."

पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज झाला. आधी एक, मग दुसरा, नीट, सवयीनं.

धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं बाळाला गच्च धरलं आणि आईंच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ती नजर दारातून निघाली, तिच्या डाव्या कुशीवरून सावकाश पुढे आली आणि पलंगाच्या कडेशी थांबली. आईंनी पाय आखडून घेतले, कुणाला बसायला जागा करावी तसे. बाळाचे हातही त्याच वाटेनं वळले होते.

"दमलीस ना?" आईंनी त्या रिकाम्या जागेला विचारलं. आणि मग त्या हसल्या. तसं हसताना धाकटीनं त्यांना पाहिलं नव्हतं.

भाऊ गॅलरीतून आत आले तेव्हा आई निवांत पडल्या होत्या. चेहरा पोट भरलेल्या तान्ह्या पोराचा. "काही म्हणाली का?" मास्तरांनी विचारलं.

धाकटी म्हणाली, "नाही."

तो शब्द तोंडातून सहज गेला, दोरा तुटतो तसा. आपण खोटं का बोललो हे तिला लगेच कळलं, आणि कळूनही तिनं तो परत घेतला नाही. कुणी ऐकलंच नव्हतं तिच्याशिवाय. ताई येतील, दारात उभ्या राहतील, जातील. टेबल जिथे आहे तिथे राहील. ती बाळाला घेऊन खिडकीशी जाऊन बसली, पलंगाच्या त्या कडेपासून होता होईल तेवढी लांब. बाळ मात्र राहून राहून तिकडे वळे आणि खुदकन हसे.

ताई आल्या तेव्हा ऊन भिंतीवर वरपर्यंत चढलं होतं. लिफ्टची जाळी सरकली. फोटोंतल्या आणि दर वर्षीच्या भेटीतल्या ताईंपेक्षा या थकलेल्या होत्या. केस एका बाजूनं खुर्चीला टेकून दबलेले. त्या चौकटीच्या अलीकडे थांबल्या. बॅग खाली ठेवली नाही.

"उशीर झाला का रे?"

"नाही, नाही," मास्तर पुढे धावले. "आई, बघ कोण आलंय. बघ ना. हिला आत ये म्हण."

आईंनी डोळे किलकिले केले. दाराकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"कितीदा म्हणू?" त्या म्हणाल्या. "आत घेतलंय ना तिला. या कोण बाई?"

ताईंच्या हातातल्या बॅगेचा पट्टा पिळला गेला. बाकी चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ऐकलंस?" मास्तर उतावीळपणे म्हणाले. "आत घेतलंय म्हणाली! म्हणजे म्हणालीच ती! मघाशी म्हणाली, मी होतो की इथे."

"तू ऐकलंस? तुझ्या कानांनी?"

"म्हणजे... अर्थ तोच होतो."

"दादा, तू लहानपणी माझ्या वाटची माफीसुद्धा अशीच मागून यायचास. तिला सांगायचास मी सॉरी म्हणाले, मला सांगायचास तिनं माफ केलं. नंतर दोघींचा मार तूच खायचास." त्या बॉबिनकडे वळल्या. "तू सांग."

बॉबिननं मान खाली घातली. "मी गॅलरीत होतो गं. मला नाही माहीत."

"झालं तर मग." ताईंनी आईंकडे एकदा पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, मापं घ्यावीत तसं. "बारीक झाली खूप," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टकडे वळल्या.

धाकटी खिडकीशी बसली होती. आता काही करायला नको होतं. नुसतं बसून राहायचं होतं. लिफ्टची जाळी सरकली असती आणि सगळं संपलं असतं. पण बाळानं तिच्या मांडीवरून ताईंच्या पाठीकडे पाहिलं, मग पलंगाच्या कडेकडे पाहिलं, पुन्हा पाठीकडे. एकसारख्या दोन वस्तू दाखवल्या की ते असंच बघायचं, कोणती घेऊ म्हणून. धाकटी बाळाला घेऊन उठली.

"ताई, थांबा. त्या म्हणाल्या."

तिघेही तिच्याकडे बघू लागले.

"मघाशी. आत ये म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं."

"तू तर काही नाही म्हणालीस!" मास्तर म्हणाले.

"खोटं बोलले."

ताई पूर्ण वळल्या नाहीत. "मघाशी म्हणजे कधी?"

"पाच तास भरले तेव्हा."

"मी तेव्हा हवेत होते. मग कुणाला म्हणाली?"

"तुम्हाला."

"अगं, पण मी नव्हते."

"मला नाही माहीत कोण होतं. माझी पाठ होती. मी वळून बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही."

"आणि आता का सांगतेयस? मी आत आले तर टेबल मागेन, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच नाही म्हटलं होतं मघाशी." धाकटीचा आवाज चिरकला. तिनं बाळाला वर ओढून घेतलं. "पण त्या असं म्हणाल्या, ये गं चिंधे, आत ये. ते ज्याचं आहे त्याला द्यायला नको का?"

ताईंच्या हातून बॅग सुटली.

"काय म्हणाली?"

"चिंधे म्हणाल्या. कोण ते मला माहीत नाही. कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही ते नाव."

मास्तरांनी बॉबिनकडे पाहिलं. बॉबिननं खांदे उडवले. ताई मात्र चौकटीला धरून उभ्या होत्या. "टेबलाखाली बसायचे मी," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "ती वर कापायची आणि खाली पडतील त्या चिंध्या मी गोळा करायचे. शिवणघरात दोघीच असलो की म्हणायची. माणसांत कधी नाही."

मग ताईंनी पायपुसण्यावर पाय घासले. आधी एक, मग दुसरा. धाकटीनं डोळे मिटून घेतले, कारण तो आवाज तिनं आज एकदा ऐकला होता, तसाच, त्याच पायाचा आधी.

ताई आत आल्या. इतक्या वर्षांचं ते अंतर चार पावलांचं निघालं. त्या पलंगापाशी गेल्या आणि काही न बोलता कडेवर बसल्या. आईंचा हात हातात घेतला. सुईनं खरबरीत झालेली बोटं दोघींचीही होती. कुठली कुणाची हे लांबून सांगता आलं नसतं.

आईंनी डोळे उघडले. ताईंकडे पाहिलं. मग ताईंच्या अगदी लगत, जिथे काहीच नव्हतं तिथे पाहिलं. पुन्हा ताईंकडे. ओळख पटली की नाही ते त्या चेहऱ्यावरून कळेना; पण दोघींत भांडण नको, एवढी काळजी मात्र त्यावर उमटली, एकाच उशीसाठी झोंबणाऱ्या पोरींच्या आईच्या चेहऱ्यावर उमटते ती.

"अगं, तिच्या अंगावर काय बसतेस," त्या म्हणाल्या. "सरक जरा. तिलाही बसू दे."

ताई जन्मात कधी कुणासाठी सरकल्या नव्हत्या. त्यांनी शेजारच्या रिकाम्या चादरीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग आईंचा हात न सोडता त्या वीतभर सरकल्या. आणि थोडं थांबून, कुणी न सांगता, आणखी वीतभर.